रफूचा धापोडा

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. सकाळी नऊ वाजताच मानेवाड्याच्या रस्त्यावरचं डांबर मऊ पडायला लागतं, घराघरातून कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास येतो आणि दुपारी बारा ते चार या शहरात कुणी कुणाच्या दाराची कडी वाजवत नाही. माझ्या स्टुडिओचं शटरही या वेळात अर्धं खाली असतं. गिऱ्हाईक आलंच तर पासपोर्ट फोटोवालं. डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून, तोंड धुऊन, आरशात बघत ते विचारतं, "भाऊ, चेहरा काळा तं नाही येणार ना?" मी म्हणतो, नाही येणार. या 'नाही येणार'वरच माझा संसार चालला आहे.

ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो त्या मास्तरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, भर दुपारी कॅमेरा उघड्यावर काढायचा नाही. डोळ्यांखाली आणि नाकाखाली छाया साचते, ताजी टवटवीत नवरी आजारातून उठल्यासारखी दिसते. मी ते आयुष्यभर पाळलं. वराती संध्याकाळच्या, हळदी सकाळच्या, आणि दुपारचं जे काय असेल ते मांडवाच्या आत. माझ्याकडचे सगळे अल्बम चाळले तर बाहेरगावच्या माणसाला वाटेल, नागपुरात दुपार होतच नाही. इथे कायम साडेपाच वाजलेले असतात आणि ऊन गुळासारखं पिवळं असतं.

आज मात्र मी सकाळपासून बारा वाजायची वाट बघतोय. कॅमेऱ्याची बॅग भरलेली आहे. पाण्याची बाटली, दुपट्टा, खिशात एक कांदा. ऊन लागू नये म्हणून आई द्यायची तसा. शालूताईचा फोन येऊन गेला.

"बाल्या, ऊन चढून राहिलं. निघाला का नाही?"

"निघतो ना. बाराच्या आत पोचतो."

"ये लवकर. एक गंमत दाखवायची आहे तुले." आणि तिने फोन ठेवला. शालूताई माझी मोठी बहीण. मी पन्नाशी ओलांडली, डोक्यावर मोजके केस उरले, तरी तिच्या तोंडी मी बाल्याच.

या दिवसांचा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. आंबलेल्या ज्वारीचा वास. आमचं गाव पारशिवनीच्या पुढे. परीक्षा संपल्या की घरात ज्वारी भिजत पडायची. दिवसागणिक तिचा वास बदलत जायचा. आधी मातीचा, मग ताकाचा, मग असा काही की नाक मुरडावं आणि पुन्हा हुंगावं. मग आई ती वाटून मोठ्या गंजात शिजवायची. जिरं, तीळ, मीठ, हिरवी मिरची. ती दाटसर आंबील शिजताना फदफद आवाज करायची आणि एखादा थेंब उडून आईच्या मनगटावर बसायचा. आई नुसती फुंकर मारायची आणि ढवळत राहायची. आम्हाला वाटीत गरम आंबील मिळायची, वर कच्चं तेल. मग अंगणात बाजेवर आईचं जुनं सुती पातळ ओलं करून अंथरलेलं असायचं, त्यावर आई आणि ताई धापोडे घालायच्या. पळीभर आंबील ओतायची, पाण्यात बुडवलेली बोटं गोल फिरवायची, पुढे सरकायचं. विदर्भाबाहेरच्या माणसाला हे ज्वारीचे पापडच वाटतील. वाटोत. पण पापड लाटतात. धापोडा हाताने पसरतात आणि कापडावरच वाळवतात.

दुसऱ्या दिवशी पातळ उलटं करायचं, त्याच्या पाठीवर पाणी शिंपडायचं आणि एकेक धापोडा सोडवून घ्यायचा. प्रत्येकाच्या पाठीवर कापडाची वीण उमटलेली असायची, बारीक जाळी, उभे-आडवे धागे. आईचं ते पातळ एकदा दाराच्या खिळ्याला अडकून फाटलं होतं आणि तिने रफू केलं होतं, इतकं बारीक की डोळ्यांना शोधावं लागे. पण धापोड्याला ते सापडायचं. रफूवर पडलेल्या धापोड्याच्या पाठीवर एक छोटासा चौकोन उठायचा. आईने त्याचा खेळ करून टाकला होता. सोडवताना रफूचा धापोडा ज्याच्या हाताला लागेल, त्याला त्या दिवशी विहिरीचं पाणी भरणं माफ.

मी जागा हेरून बसायचो. रफू कुठल्या काठापासून कुठे येतो हे मला पाठ होतं. ताई पाणी भरायची. दोन्ही हातात बादल्या, डोक्यावर फडकं, विहिरीपासून अंगणापर्यंत तिच्या पावलांची ओली रांग, आणि मी बाजेखाली बसून तो चौकोन दातांनी तोडतोय. आज हे लिहितानाही ती ओली पावलं मला दिसतात. ती उन्हात लगेच वाळून जायची.

आई गेली तेव्हा तिच्या पेटीतून ताईने फक्त ते पातळ मागून घेतलं.

भाऊजी वीज केंद्रातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि कोराडी रोडला त्यांनी घर बांधलं. घर बेताचं, पण गच्ची मोठी. त्या गच्चीनेच ताईला धंद्याला लावलं म्हणायला हवं. आधी घरच्यापुरते धापोडे, मग शेजारच्या मंदाबाईंसाठी, मग मंदाबाई स्वतःच पळी घेऊन वर आल्या आणि दोघींनी नात्यागोत्यात विकायला सुरुवात केली. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं मागायला लागली. एक दिवस ताई माझ्या स्टुडिओत येऊन बसली. सुटलेला घाम पदराने पुसत म्हणाली, "तू साऱ्या दुनियेचे फोटो काढते गा बाल्या, माह्या धापोड्याचा बी एक काढून दे. पाकिटावर लावायचा आहे."

"असा नुसता फोटो नाही काढत ताई. त्याचं ब्रँडिंग करा लागते."

"मंग तेही काढून दे."

लग्नाची कामं कमी होत चालली होती. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकाचा भाचा फोटोग्राफर. मी मोबाईलवर बघून नवीन शिकत होतो, छोट्या धंद्यांसाठी फोटो कसे काढायचे ते. पांढरी पार्श्वभूमी, स्वच्छ प्रकाश, सगळीकडे एकच रंग, एकच अक्षर. त्यात चूक काहीच नव्हतं. ओळख लक्षात राहावी म्हणून हे सगळं करतात, हेही त्यात सांगितलेलं असायचं. पण कोणाची ओळख, हा प्रश्न मी सोडून दिला. मला वाटलं तो सोपा आहे.

ताईने टोपलंभर धापोडे दिले. मी ते स्कूटरच्या मागे बांधले आणि कोराडी रोडचे सगळे स्पीड ब्रेकर ओलांडत स्टुडिओत आणले. उघडून बघतो तर बहुतेक फुटलेले. मी पुढे ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यांना इथपर्यंतच सांगितली. सगळे फुटले, मग काय करणार, असं.

सगळे फुटले नव्हते. चार-सहा धड होते. मी ते पांढऱ्या कागदावर मांडले, दोन्ही बाजूंनी दिवे लावले आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. एकाचा काठ वाकडा, एक एका बाजूला जाड, एकावर ताईच्या बोटाची खूण. पांढऱ्या कागदावर ते गरीब दिसत होते. मोठ्या माणसांच्या दिवाणखान्यात चुकून आलेल्या माणसांसारखे. मला त्यांची लाज वाटली. मी स्टुडिओचं शटर ओढलं, इतवारीत गेलो आणि एका दुकानातून मशीनवर केलेले ज्वारीचे पापड घेऊन आलो. एका मापाचे, गुळगुळीत. ते अर्ध्या तासात छान निघाले. गहिऱ्या लाल रंगाचं पाकीट, मधोमध हा फोटो, वर 'शालूताईंचे धापोडे'. खरं सांगायचं तर मला माझ्या कामाचा अभिमान वाटला होता.

पाकिटं बघून ताई हरखली. फोटोवरून बोट फिरवत म्हणाली, "हे माहे आहेत? किती गोल दिसून राहिले वं माय!"

"लाइटिंगचा फरक पडतो," मी म्हणालो.

एवढंच वाक्य. ते मागे घ्यायला त्या दिवशी एक क्षण पुरला असता.

हिवाळ्यात महिलांच्या गटांचं प्रदर्शन होतं. मी ताईला सोडायला गेलो आणि तिच्याच टेबलामागे खुर्ची टाकून संत्र्याचा रस पीत बसलो. गर्दी होती, पण आमच्या टेबलाशी थांबणारे थोडे. ज्यांना घरचं काही हवं होतं ते पाकिटावरचा गुळगुळीत फोटो बघून पुढे जात. आणि ज्यांना फोटो आवडला, त्यांचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. एक बाई आदल्या दिवशी नेलेलं पाकीट परत घेऊन आल्या. भांडखोर नव्हत्या, चांगल्या होत्या. फोडलेलं पाकीट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ताई, चव चांगलीच असेल. पण फोटोत वेगळे आहेत अन् आत वेगळे. मला पाहुण्यांपुढे ठेवायचे होते."

ताई त्या पाकिटाकडे आणि फोटोकडे आळीपाळीने बघत राहिली. मग हात जोडून म्हणाली, "माफ करा बाई. या खेपेले जमले नाही. पुढच्या वर्षी फोटोसारखे करीन."

तिने हात जोडले आणि मी रस पीत होतो. ग्लास खाली ठेवण्याचं धैर्यही मला झालं नाही.

माणूस गप्प बसला की गोष्ट संपते असं त्याला वाटतं. मलाही वाटलं. पुढचा उन्हाळा आला, लग्नसराईत मी गुंतलो. नवतपा लागण्याच्या सुमारास ताईचा फोन आला, आवाजात अगदी उत्साह. "बाल्या, सकाळी सकाळी ये पाहायले. जमले! आता तुह्या फोटोसारखे झाले."

मी गच्चीवर पोचलो तेव्हा ऊन नुकतं कठड्यावरून आत उतरत होतं. समोर कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या, त्यांच्यावर ढगाचा एक तुकडासुद्धा नाही. आणि गच्चीभर अंथरलेलं प्लास्टिक. त्यावर एका मापाचे, एका रांगेत, गोल धापोडे. मंदाबाई स्टीलच्या डब्याचं झाकण हातात घेऊन प्रत्येकावर दाबत होत्या आणि बाहेर आलेला काठ खरवडून वाटीत टाकत होत्या. घामाने त्यांचं नाक चमकत होतं.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या फोटोनं पार परीक्षा घेतली आमची. शाळेत कंपासनं एवढे गोल नाही काढले मी."

"पाह्य," ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आहे का नाही तसेच?"

होते. अगदी तसेच होते. मी विचारलं, "आईचं पातळ कुठे आहे?"

"पेटीत ठेवून दिलं. त्याच्यानं पाठीवर जाळी उमटते. तुह्या फोटोतल्याले कुठं आहे जाळी? प्लास्टिकवर कसे गुळगुळीत निघते पाह्य. जरा जड होते, कपड्यासारखं पाणी नाही पीत ते. पण दिसाले साजरे." मग ती माझ्याजवळ आली आणि मंदाबाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "खरं सांगू बाल्या? मंधात मले वाटे का माहा हातच बिघडला. वय झालं म्हटलं आता. फोटो तं माह्याच धापोड्याचा ना? मंग तेव्हा इतके साजरे जमले अन् आता काहून जमत नाही? हिवाळाभर हाच इचार करून राहिली मी."

हिवाळाभर. मी तिच्या हाताकडे पाहिलं. मनगटावर आंबिलीचे जुने डाग, आईच्या मनगटावर होते तिथेच. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली. या हाताला काहीही झालं नव्हतं. तो बिघडला आहे असं मी त्याला सांगितलं होतं, लाल पाकिटावर छापून.

फोटो वस्तूसारखा यावा, एवढंच मी आजवर धरून चाललो होतो. वस्तू फोटोसारखी व्हायला लागेल, हे माझ्या कुठल्याच मास्तरांनी सांगितलं नव्हतं. माणूस आपल्या नावाच्या चित्राकडे बघतो आणि चुपचाप त्या मापात बसायला लागतो. नवऱ्या बसतात, मी पाहिलं आहे. माझ्या अल्बममधला उजळ चेहरा बघून कितीजणी नंतर आरशासमोर उदास झाल्या असतील, याचा मी त्या गच्चीवर पहिल्यांदा विचार केला.

"ताई," मी म्हणालो, "तो फोटो तुह्या धापोड्याचा नाही होय."

पुढचा धापोडा घालायला तिने उचललेली पळी गंजावर थांबली. आंबील पळीतून दोरीसारखी खाली पडत राहिली.

"मंग कोणाचा?"

"इतवारीच्या दुकानातला माल होता. मशीनचा. तुहे रस्त्यात फुटले माह्याकडून."

"सारेच?"

इथे मी पुन्हा निसटू शकलो असतो. "सारे नाही. चार-सहा होते चांगले. मले ते नीट नाही वाटले."

मंदाबाई झाकण धरून तशाच उकिडव्या बसल्या होत्या. मग त्यांना हसू फुटलं. "अगं माय! म्हणजे आपण मशीनची नक्कल करून राहिलो का वं शालू? लोकं आपली करतात, अन् आपण मशीनची!"

ताई हसली नाही. तिने विचारलं, "तुले लाज वाटली?"

"हाव."

"धापोड्याची, का माही?"

खरं उत्तर मला आजही नेमकं ठाऊक नाही. कदाचित आपण कुठून आलो ते पांढऱ्या कागदावर एवढं स्वच्छ दिसलं, त्याची. ताई रडेल असं मला वाटलं, ओरडेल असंही वाटलं. ती म्हणाली, "मंदा, ते झाकण ठेव खाली. अन् तू, पेटीतून पातळ आण. आंबील थंडी होऊन राहिली. कॅमेरा ठेव सावलीत अन् हात धू."

पेटी उघडल्यावर कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला. पातळ इतकं मऊ झालं होतं की हातात घेतल्यावर त्याचं वजनच कळेना. मी ते बादलीत बुडवलं, पिळलं, आणि आम्ही तिघांनी बाजेवर अंथरलं. उरलेल्या आंबिलीचे धापोडे मी घातले. म्हणजे मला घालायला लावले. बोटं भाजली. पाणी कमी पडलं की चिकटायचं, जास्त झालं की पसरून पळायचं. गोल म्हणून सुरू केलेलं कुठे जाईल त्याचा नेम नव्हता.

"हा कोणता जिल्हा काढला भाऊ?" मंदाबाईंनी विचारलं. "चंद्रपूर दिसते."

"त्याच्या बाजूचा गडचिरोली," ताई म्हणाली. ती अजून माझ्याकडे बघत नव्हती, पण बोलली होती. मी मान खाली घालून पुढचा जिल्हा काढायला घेतला.

त्या रात्री मी तिच्याकडेच थांबलो. माफी मागावी म्हणून शब्द जुळवत होतो, पण भाऊजींनी टीव्हीचा आवाज मोठा ठेवला होता आणि ताईने माझ्या पानात न विचारता दुसऱ्यांदा भाजी वाढली. तेवढ्यावर झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आम्ही पातळ उलटं केलं. ताईने पाठीवर पाणी शिंपडलं. पाणी पडल्याबरोबर कापडाचा चर्र असा बारीक आवाज होतो, तो मी कितीतरी वर्षांनी ऐकला. एकेक धापोडा सुटायला लागला. जाळी घेऊन, बोटांच्या खुणा घेऊन, वाकडे काठ घेऊन. मी मुद्दाम काठाकडे बसलो होतो, रफूच्या जागेपासून लांब. आणि मग ताई एकदम ओरडली, "निघाला! निघाला वं मंदा!" साठीच्या बाईचा आवाज नव्हता तो. परकर नेसलेल्या पोरीचा होता.

तिने तो धापोडा माझ्या नाकासमोर धरला. पाठीवर चौकोन. आईचे टाके, एकही सुटलेला नाही.

"आज पाणी तू भर," ती म्हणाली.

मी खालून वर बादल्या आणल्या. शेवटची बादली ठेवली तेव्हा बारा वाजून गेले होते. बादलीला सावली नव्हती. नवतप्याच्या सुमारास आमच्याकडे असा एक दिवस येतो, सूर्य नेमका डोक्यावर उभा राहतो आणि वस्तूंची सावली त्यांच्याच खाली जाऊन बसते. मला शिकवलेलं सगळं सांगत होतं, ही फोटोची वेळ नाही.

ताई धापोडे वाळले का ते तपासत होती. त्याची तिची एक रीत आहे. धापोडा दोन बोटांत धरून सूर्यासमोर उचलायचा. कुठे ओल राहिली असेल तर तिथे काळपट दिसतं. तिने रफूचा धापोडा उचलला आणि त्यातून ऊन आरपार आलं. मधाच्या रंगाचा एक तुकडा, तिळाचे ठिपके, उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी आणि मधोमध आईने भरलेलं भोक.

"तशीच थांब," मी म्हणालो.

वरून काहीच दिसत नव्हतं. खालूनच दिसत होतं. मी गोणपाट बादलीत बुडवून गच्चीवर टाकलं आणि त्यावर उताणा झोपलो. पाठीखालून वाफ आल्यासारखं झालं.

"अगं माय, भाऊंले ऊन लागलं!" मंदाबाई धावल्या. "कांदा आण वं शालू!"

"ऊन नाही लागलं त्याले. अक्कल येऊन राहिली," ताई म्हणाली. तिचा हात हसण्याने हलत होता, त्यामुळे पहिले चार-पाच फोटो वाया गेले. नंतरचा आला. त्यात ताईचा चेहरा नाही. दोन बोटं आहेत, त्यांच्यावरचे चट्टे आहेत, धापोडा आहे आणि त्याच्यामागे नागपूरची भर दुपार. घरी येऊन मी तो कॉम्प्युटरवर उघडला आणि सवयीने माझा हात बोटांवरचे चट्टे पुसायला गेला. मग मी कॉम्प्युटर बंद केला.

नव्या पाकिटाची पुढची बाजू आम्ही पारदर्शक ठेवली. आत काय आहे ते ज्याने त्याने बघावं. मागे हा फोटो. खाली काय लिहायचं म्हणून मी दोन-तीन चांगली वाक्यं तयार केली होती, परंपरा, माया वगैरे. ताईने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "लिही, आईच्या पातळावर घातलेले. गोल नाहीत."

हिवाळ्यात त्याच प्रदर्शनात लोक ती ओळ वाचून हसायचे आणि थांबायचे. एक आजी एकेक पाकीट उजेडाकडे धरून आत काहीतरी शोधत होत्या. "तो चौकोनवाला पाहिजे मले," त्या म्हणाल्या.

"तो सगळ्यांत नसते आजी," ताईने समजावलं. "निघाला तं तुमचं नशीब. अन् निघाला तं त्या दिवशी घरचं काम करायचं नाही, असा नियम आहे आमच्याकडे."

"मंग दोन पाकिटं दे. सुनेलेही होईल."

मी या वेळी टेबलाच्या पुढच्या बाजूला उभा होतो, पिशव्या भरून देत. ताई लोकांशी बोलत होती आणि कुणापुढेही हात जोडत नव्हती. एवढंच मी दिवसभर बघत होतो.

तेव्हापासून अशी कामं माझ्याकडे बरीच येतात. चिवडेवाले, वेताच्या खुर्च्या विणणारे एक काका, घरी मसाले कुटणाऱ्या दोघी बहिणी. सगळ्यांना चकचकीत फोटो हवा असतो. मी नाही म्हणत नाही, पण आधी त्यांच्या कामाच्या जागी जाऊन बसतो. वस्तू उलटी करून बघतो. खुर्चीवाले काका पहिल्यांदा चिडलेच, "मागून काय पाहता साहेब, मागून कोणी बसते का?" पण मागे त्यांच्या गाठी होत्या आणि तशी गाठ या शहरात दुसरं कुणी मारत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. मी त्या गाठीचा फोटो काढला. पासपोर्ट फोटोसाठी येणाऱ्यांना अजून मी 'काळा नाही येणार' असंच सांगतो. सगळं एकदम सुधारत नाही माणसाचं. पण आता सांगताना जरा अडखळतो.

आज बाराला थोडा वेळ असताना मी कोराडी रोडला पोचलो. गच्चीचं दार उघडल्यावर डोळे दिपले. मंदाबाईंनी कठड्याच्या सावलीतून हात हलवला. सावली म्हणजे एक दोरीएवढी पट्टी, त्यात त्या कशाबशा मावल्या होत्या. ताई बाजेजवळ उभी होती. पातळ उलटं करून झालं होतं, धापोडे सुटलेले होते.

"गंमत काय आहे?"

तिने पातळाचा एक भाग उचलून दाखवला. आईच्या रफूच्या अगदी शेजारी कापड फाटलं होतं आणि तिथे नवे टाके होते. मोठे, जाडसर दोऱ्याचे, थोडे तिरपे गेलेले.

"पिळताना फाटलं. मीच भरलं मंग. डोळ्याले दिसत नाही आता, आईसारखं नाही जमलं." तिने बाजेवरून एक धापोडा उचलला आणि पाठ माझ्याकडे केली. आईचा बारीक चौकोन होता तिथेच होता. त्याला टेकून एक ओबडधोबड, वाकडी उमटलेली रेघांची जागा होती. ताईची.

"आता सांग, काय करायचं?" ती डोळे बारीक करून म्हणाली. "पाकिटावर तं एकच रफू आहे. लोकं म्हणतील, शालूताई, माल फोटोसारखा नाही."

मंदाबाई सावलीच्या पट्टीतून फिदीफिदी हसल्या. ताई हसू दाबत माझ्या तोंडाकडे बघत होती. हात बिघडल्याची शंका त्या चेहऱ्यावर कुठेही नव्हती.

मी बॅग उघडली. बादलीची सावली बादलीखाली गेली होती. गोणपाट ओलं करून मी ताईच्या पायाशी टाकलं आणि उताणा झोपलो.

"फोटो बदलू," मी म्हणालो. "वर धर. अजून वर. तुहा रफू सूर्यावर येऊ दे."